खाडा : आईच्या वहीतून दिसणारा एक इतिहास

आधीच सांगून टाकतो, आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत आणि ताम्रपटही नाहीत. आजचं आपलं ऐतिहासिक साधन म्हणजे दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, मागच्या बाजूने उंदराने कुरतडलेली एक वही. माझ्या आईची जमाखर्चाची वही. नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर इथे देतोय. बोलण्यातले काही अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आमचं घर इचलकरंजीचं. बाबा यंत्रमाग कामगार. पगार आठवड्याचा आणि तोही माग किती चालला त्यावर. वीज गेली, सूत आलं नाही, मालकाने माग बंद ठेवले की पगार कमी. घरात आम्ही चौघं. माझी ताई १९९४ ची, मी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. ताईला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. प्रमाणपत्रावर ८० टक्के लिहिलंय. ती चालत नाही, बोलते पण घरच्यांनाच कळेल असं.

मागच्या दिवाळीत माळा आवरताना ही वही सापडली. जून १९९९ ते मे २००० असं एक वर्ष त्यात पूर्ण आहे. रकाने सरळ : तारीख, किराणा, दूध, भिशी, आणि शेवटचा रकाना 'ता.' इतकाच. मला वाटलं 'ता.' म्हणजे तारीख, पण तारीख तर पहिल्याच रकान्यात होती. आई म्हणाली, "अरे, ता. म्हणजे ताई."

मी दिवसभर सॉफ्टवेअरचं काम करतो. हातात आकडे आले की शीटमध्ये टाकल्याशिवाय चैन पडत नाही. दोन रविवार बसून सगळी वही टाइप केली. त्यातून काय दिसलं ते सांगतो, पण त्याआधी थोडा मोठा इतिहास बघू, म्हणजे ही वही कुठे बसते ते कळेल.

तीन आया

आपल्याकडे अपंग मुलांसाठी झालेल्या कामाचा इतिहास वाचायला घेतला की एक गोष्ट लगेच लक्षात येते. सुरुवात बऱ्याचदा एखाद्या आईपासून होते.

१९४४ साली मुंबईत जय वकील यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी राहत्या घरात शाळा सुरू केली. तीच पुढे जय वकील शाळा म्हणून मोठी झाली. १९४७ साली फातिमा इस्माईल यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी मुंबईत उपचार केंद्र काढलं. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला होता आणि तिच्यावर मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे उपचार झाले होते. आपल्या मुलीला मिळालं ते इतरांच्या मुलांनाही मिळावं, हा त्यामागचा विचार. त्यातूनच पुढे हाजी अलीचं मुलांचं हॉस्पिटल उभं राहिलं. तिसऱ्या मिथू अलूर. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. अलूर यांनी इंग्लंडमध्ये जाऊन विशेष शिक्षणाचा अभ्यास केला आणि १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली. नर्गिस दत्त त्या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या.

या तिघींबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी केलं नसतं तर पुढचं बरंच काही झालंच नसतं. पण वही टाइप करताना एक प्रश्न डोक्यातून जाईना. या तिघींकडे जागा होती, ओळखी होत्या, प्रवास करण्याची ऐपत होती. ज्या आईकडे यातलं काहीच नव्हतं, तिने काय केलं? तिने संस्था काढली नाही, म्हणून तिचा इतिहास लिहिला गेला नाही. पण मूल तर तिनेही वाढवलं. मग त्याचा पुरावा कुठे शोधायचा?

सरकारी दप्तरात शोधावा तर तिथे आणखी गंमत आहे. इंग्रजांच्या काळात १८७२ पासून १९३१ पर्यंत जनगणनेत अंध, बहिरे, वेडे वगैरे लोकांची मोजणी व्हायची. शब्द आज कानाला टोचतात, पण मोजायचे. १९४१ पासून ते बंद झालं. १९८१ मध्ये एकदा प्रश्न आला, १९९१ मध्ये पुन्हा गेला. अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरला तेव्हा २००१ मध्ये तो परत आला आणि देशात २ कोटी १९ लाख अपंग व्यक्ती आहेत असा आकडा निघाला. २०११ मध्ये तो २ कोटी ६८ लाख झाला.

म्हणजे बघा, ज्या वर्षाची ही वही आहे त्या वर्षी देशाच्या शेवटच्या जनगणनेत ताईसारख्या माणसांसाठी रकानाच नव्हता. आईच्या वहीत मात्र होता.

वहीतलं एक वर्ष

आता आकडे. त्या वर्षी बाबांचा पगार सरासरी आठवड्याला ६५० रुपये, म्हणजे वर्षाला ३३,८०० रुपये. 'ता.' या रकान्याची वर्षाची बेरीज ९,६४० रुपये. शंभर रुपयांतले अठ्ठावीस रुपये. भाडं, किराणा, दूध, माझी बालवाडी, आजीची औषधं हे सगळं उरलेल्या बहात्तर रुपयांत.

९,६४० ची फोड अशी : फिजिओथेरपी आणि त्यासाठी मिरजेला जाणं-येणं ४,९६०. फिट येऊ नये म्हणून रोजच्या गोळ्या, महिन्याला १८० प्रमाणे २,१६०. कॅलिपर आणि बूट एकदाच, १,४००. बाकी डॉक्टर, रिक्षा, झेरॉक्स, फोटो वगैरे मिळून १,१२०.

यात लंगोट नाहीत. तो खर्च आईने शून्यावर आणला होता. जुन्या सुती साड्या आजूबाजूच्या बायका तिला आणून द्यायच्या. त्या फाडून, उकळत्या पाण्यातून काढून, घड्या घालून ठेवायची. आज आम्ही डायपर आणतो. त्यावर २०१७ पासून १२ टक्के जीएसटी होता. सॅनिटरी पॅडवरचा कर आंदोलनानंतर जुलै २०१८ मध्ये शून्य झाला, ते योग्यच झालं. डायपरवरचा मात्र तसाच राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. डायपर म्हटलं की डोळ्यांसमोर तान्हं बाळ येतं. एकतीस वर्षांची मुलगी येत नाही.

पैसे जमवायचं साधन म्हणजे भिशी. गल्लीतल्या बारा बायका, महिन्याला शंभर रुपये, ज्या महिन्यात नंबर लागेल तिला बाराशे. नंबर खरं तर चिठ्ठीने निघायचा, पण आईने दोन वर्षं ठरवून नोव्हेंबर मागून घेतला होता. कॅलिपर त्याच महिन्यात बदलायचा असायचा, मूल वाढतं तसा तो तोकडा पडतो. बाकीच्या अकरा जणींनी कधी कां-कूं केलं नाही. बँकेच्या भाषेत याला बिनव्याजी कर्ज म्हणतील. वहीत १४ नोव्हेंबरला इतकंच आहे : "भिशी आली १२००. कॅलिपर १४००. २०० शांताकडून." चार दिवसांनी : "शांताला २०० दिले, फॉल-पिकोचे."

खाडा

आता मुख्य गोष्ट. मिरज हे आमच्या भागातलं दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केल्यापासून ते तसंच आहे. त्यामुळे फिजिओथेरपीला मिरजच. ठरलं होतं आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ वेळा. एका वेळचा खर्च : एसटीचं आईचं तिकीट १४, ताईचं अर्धं ७, जाऊन-येऊन ४२, आणि फी २०. एकूण ६२ रुपये.

वहीत ६२ चा आकडा ८० वेळा आहे. उरलेल्या २४ वेळा आईने एक शब्द लिहिलाय : "खाडा." दूधवाला आला नाही की कॅलेंडरवर आपण जो खाडा मांडतो ना, तोच.

हे खाडे मला लहानपणापासून माहीत आहेत. कारण ते घरात बोलले जायचे. मिरजेतल्या त्या दवाखान्यात आईला सारखं ऐकवलं जायचं की पालक सीरियस नाहीत, नियमित येत नाहीत, मग मूल कसं सुधारणार. हे वाक्य आईने इतकं मनावर घेतलं की आजही कुणी विचारलं तर म्हणते, "माझ्याच्यानं जमलं न्हाई. नेमानं नेलं असतं तर चालली असती ती."

म्हणून मी एक साधी गोष्ट केली. खाड्यांच्या तारखा एका रकान्यात आणि त्या त्या आठवड्याचा बाबांचा पगार शेजारच्या रकान्यात. २४ पैकी १७ खाडे अशा आठवड्यांतले निघाले ज्यात पगार ५०० च्या खाली होता. तीन खाडे ताईला ताप होता म्हणून, वहीत त्याच दिवशी डॉक्टरांचे पैसे आहेत. दोन एसटी बंद होती म्हणून, तसं लिहिलंय. कारण सापडलं नाही असे फक्त दोन.

इतिहासाच्या अभ्यासात एक जुना धडा आहे : दप्तर कुणी लिहिलं ते आधी बघा. दवाखान्याच्या कागदावर हे २४ खाडे 'अनियमित' म्हणून गेले असतील. आईच्या वहीत तेच खाडे माग बंद पडल्याची नोंद आहेत. घटना एकच आणि साधनं दोन. एका साधनात दोष आईचा दिसतो, दुसऱ्यात नाही.

टक्क्यांचं राज्य

मग सरकार कुठे होतं? होतं, पण कागदावर. अपंगांसाठीचा पहिला सर्वंकष कायदा १९९५ चा. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं आणि किमान ४० टक्क्यांची अट. अपंग मुलाला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळावं असंही त्यात होतं. तेव्हापासून अशा घरांच्या आयुष्यात टक्का हा शब्द आला. तो दाखला असेल तर एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत. नसेल तर काही नाही.

वहीत प्रमाणपत्रासाठी तीन फेऱ्या आहेत. पहिल्यांदा डॉक्टर रजेवर. दुसऱ्यांदा फोटो चालला नाही. तिसऱ्यांदा मिळालं. तीन दिवस बाबांचा खाडा, कारण ताईला उचलून न्यायला दोघं लागायची. एकूण खर्च २८६ रुपये आणि बुडालेला रोज वेगळा. ताईचं तिकीट पाव झालं त्याचा हिशेब आईने पुढच्या पानावर मांडलाय : किती फेऱ्या केल्या की हे पैसे वसूल होतील. हे बघून मी हसलो. आमच्या ऑफिसात याला मोठं नाव आहे आणि त्यासाठी मीटिंग घेतात.

पेन्शनचं काय? महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. ताई २०१२ मध्ये अठराची झाली तेव्हा आम्ही चौकशी केली. त्यात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती. बाबांचा पगार तोवर आठवड्याला १,४०० झाला होता. ५२ ने गुणा, ७२,८०० होतात. बाद. केंद्राची अपंग पेन्शन २००९ ची, तिला ८० टक्के अपंगत्व लागतं आणि दारिद्र्यरेषेखालचं घर. ताईचे ८० होते, पण आमचं रेशनकार्ड केशरी. पिवळं असतं तर मिळाली असती. महिन्याला ३०० रुपये.

गरीब होतो, पण पुरेसे गरीब नव्हतो. या दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यात किती घरं असतील याचा विचार करा.

माझा फॉर्म आणि आईची वही

आता जे सांगतोय ते सांगताना मला थोडी लाज वाटते. मी नोकरीला लागलो आणि दुसऱ्या वर्षी कंपनीच्या पोर्टलवर कर वाचवण्याच्या यादीत ८०डीडी हे कलम दिसलं. अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठी उत्पन्नातून वजावट. नातेवाइकांत भाऊ-बहीणही येतात. २००३ च्या वित्त कायद्यापासून यात ठरावीक रक्कम मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. २०१५ मध्ये ती ७५ हजार झाली आणि ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाख.

हिशेब करू. जुन्या करपद्धतीत माझा शेवटचा स्लॅब ३० टक्क्यांचा. सव्वा लाखावर ३७,५०० आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३९,००० रुपये वाचतात. एक वैद्यकीय फॉर्म लावला की झालं. (नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, तेव्हा निवडताना जपून.)

शेजारी ठेवा निराधार योजनेची रक्कम. २०१९ मध्ये ती महिना ६०० वरून १,००० झाली, २०२३ मध्ये १,५००, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५०० करण्याचा निर्णय झाला. अगदी २,५०० धरले तरी वर्षाचे ३०,००० होतात.

म्हणजे त्याच ताईसाठी, तिच्या इंजिनिअर भावाला सरकार वर्षाला ३९ हजार सोडून देतं. तिच्या कामगार बापाला तेव्हा शून्य मिळत होतं, कारण त्याला कर भरण्याइतकी कमाईच नव्हती. ही कुणाची लबाडी नाही. दोन वेगळ्या खात्यांनी, दोन वेगळ्या काळात, दोन वेगळे नियम केले. पण ते एका घरात येऊन एकत्र बसले की असं चित्र दिसतं.

याच कलमाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यात अपंग मुलासाठी विमा घेण्याची सोय आहे, उदाहरणार्थ एलआयसीची जीवन आधार होती. मात्र नियम असा होता की मुलाला पैसे मिळणार ते आई-बाप गेल्यावरच. 'आमच्या मागे हिचं कसं' ही काळजी सगळ्या घरांत असते हे खरं, पण आई-बाप म्हातारे असताना, हात चालत नसताना पैसे लागतातच की. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी २०१९ मध्ये कोर्टाने नियम रद्द केला नाही, पण सरकारने याचा फेरविचार करावा असं सुचवलं. २०२२ च्या वित्त कायद्यात बदल झाला. आता आई-बाप साठीचे झाले की मुलाला पैसे मिळणं सुरू होऊ शकतं. एक ओळ बदलायला इतकी वर्षं लागली.

नसलेला रकाना

शेवटचा मुद्दा. वही पूर्ण झाल्यावर मी आईला विचारलं, "ताई व्हायच्या आधी तू काय करायचीस?" मला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "कांड्या भरायची. कारखान्यात. आठवड्याला साडेतीनशे मिळायचे सोडताना."

साडेतीनशे गुणिले बावन्न. १८,२०० रुपये. वहीतल्या 'ता.' च्या पूर्ण बेरजेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे ताईला वाढवण्याचा सगळ्यात मोठा खर्च वहीत लिहिलेलाच नाही, कारण तो खर्च झाला नव्हता, तो मिळालाच नव्हता. फॉल-पिकोचे जे काय थोडे आले ते जमेत आहेत. पण सोडलेल्या कामाचा रकाना कुठल्याच बाईच्या वहीत नसतो.

देशाच्या वहीत तो अलीकडे दिसायला लागला. २०१९ मध्ये सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं त्यात आलं. आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, ज्यात सातचे एकवीस प्रकार झाले, त्याच्या कलम २४ मध्ये पहिल्यांदा 'काळजी घेणाऱ्यासाठी भत्ता' हे शब्द आले. फार मदत लागणाऱ्या व्यक्तीसाठी तो द्यावा असं कायदा म्हणतो. त्याच कलमाच्या सुरुवातीला मात्र 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असेही शब्द आहेत. आईनेही सगळं आर्थिक क्षमतेच्या मर्यादेतच केलं. फरक इतकाच की तिच्या मर्यादेत ताई पहिली होती आणि बाकीचं नंतर.

मी लॅपटॉपवर तिला तो तक्ता दाखवला. खाडे लाल, कमी पगाराचे आठवडेही लाल. लाल खाली लाल. तिला एक्सेल कळत नाही, पण हिशेब कळतो. बराच वेळ बघत बसली. मी म्हटलं, "आई, खाडा तुझा नव्हता. मागाचा होता." ती काही बोलली नाही. मग विचारलं, "ते दोन कुठले? कारण न सापडलेले?" तारखा सांगितल्या. थोडा विचार करून म्हणाली, "ते माझे. दमले होते त्या दिवशी."

नेमाने नेलं असतं तर ताई चालली असती का, हे वहीतून कळत नाही. तसा दावा मी करणार नाही. पण वर्षातून दोन दिवस दमलेल्या बाईला पंचवीस वर्षं अपराधी वाटत राहिलं, इतकं मात्र त्यातून कळतं.

तर मंडळी, तुमच्या घरात अशी वही असेल, कॅलेंडरच्या मागचे हिशेब असतील, औषधांच्या पावत्या असतील, तर रद्दीत घालू नका. आणि वही ज्यांची आहे त्या माणसाला, ते आहेत तोवर, समोर बसवून विचारा. विशेषतः जे लिहिलेलं नाही त्याबद्दल.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि जे काळजी घेतात त्यांचीही घ्या.